कशावरून?

मुलांनो,

आज आधी माझीच एक चूक सांगते. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हांला फार आवडतं, हे मला ठाऊक आहे!

आमची शाळा कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात आहे. गेल्या महिन्यात मी चौथीच्या वर्गाला सांगत होते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखाचा रोमन साम्राज्याशी व्यापार चालायचा. सोपारा, कल्याण या बंदरांतून माल जायचा-यायचा आणि पैठण, तेर या गावांच्या बाजारपेठा त्याला जोडलेल्या असायच्या. "आणि आपल्या कोल्हापुरातसुद्धा रोमन काळातल्या वस्तू सापडल्यात, बरं का!" असं मी मोठ्या ऐटीत म्हटलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, कशावरून?"

सगळा वर्ग खो खो हसला. मला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. मी चिडून म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय म्हणून. बस खाली!"

तो बसला. पण त्यानंतर आठवडाभर त्याचा हात एकदाही वर झाला नाही. एरवी हा मुलगा हात खाली ठेवायला तयार नसायचा. मला चैन पडेना.

त्याच आठवड्यात माझ्या वाचनात आणखी एका मास्तरांची गोष्ट आली. त्यांनाही लोकांनी हेच विचारलं होतं, "कशावरून?" पण ते माझ्यासारखे चिडले नाहीत. त्यांनी काय केलं, तेच आज तुम्हांला सांगायचंय.

त्यांचं नाव जॉन कॉलिंगवुड ब्रूस. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल नावाचं शहर आहे. तिथल्या एका शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांना रोमन इतिहासाचं भारी वेड. आणि वेड लागावं अशी वस्तूही त्यांच्या घराजवळच होती. ती म्हणजे हेड्रियनची भिंत!

रोमन साम्राज्य अगदी ब्रिटनपर्यंत पसरलं होतं. इसवी सन १२२ मध्ये हेड्रियन बादशहा स्वतः ब्रिटनमध्ये आला आणि त्याच सुमाराला साम्राज्याच्या उत्तर सीमेवर एक लांबलचक भिंत बांधायला सुरुवात झाली. पूर्वेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर! दर मैलाला एक छोटी चौकी, दोन चौक्यांच्या मध्ये दोन बुरूज, शिवाय शेकडो शिपाई राहतील अशी मोठी ठाणी.

आता रोमन मैल म्हणजे किती? हजार पावलं. पण रोमन लोक डावा पाय उचलल्यापासून तो पुन्हा टेकेपर्यंत एक पाऊल धरायचे. म्हणजे आपली झाली दोन पावलं. असा त्यांचा मैल साधारण १४८० मीटरचा. 'मैल' हा शब्दही मुळात लॅटिन भाषेतल्या 'हजार' या शब्दावरूनच आलेला आहे. आहे की नाही गंमत?

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधलं रोमन राज्य संपलं. शिपाई गेले, भिंत राहिली. मग काय! तासून तयार केलेले दगड फुकटात मिळतायत म्हटल्यावर कोण सोडतो? कुणी घराला नेले, कुणी गोठ्याला, कुणी चर्चला. १७५० च्या दशकात तिथून एक लष्करी रस्ता काढला, तेव्हा तर मैलोगणती भिंत पाडून तिचे दगड रस्त्याखाली घातले. दर पिढीला भिंत थोडी थोडी कमी होत होती, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

म्हणजे अगदी कुणालाच नाही असं नाही हं! १८०१ साली विल्यम हटन नावाचे आजोबा ही भिंत बघायला निघाले. वय वर्षं ७८, आणि तेही बर्मिंगहॅमहून पायी! जाऊन-येऊन सुमारे ६०० मैल चालले ते. वाटेत एका ठिकाणी बघतात तो एक शेतमालक घर बांधण्यासाठी भिंत पाडतोय. आजोबांचा जीव कळवळला. त्यांनी त्याला निरोप धाडला, विनवणी केली, की बाबा रे, आता पुरे कर. तोवर बराच भाग गेला होता, पण एक तुकडा वाचला. प्लेनट्रीज नावाच्या जागी तो आजही उभा आहे.

आता पुन्हा आपल्या ब्रूस मास्तरांकडे येऊ. १८४८ साली त्यांना खुद्द रोम बघायला जायचं होतं. सगळी तयारी मनात ठरलेली. पण त्या वर्षी युरोपात देशोदेशी क्रांतीचे उठाव सुरू झाले आणि त्यांचा बेत बारगळला. तुम्ही-आम्ही अशा वेळी काय करतो? तोंड पाडून बसतो! मास्तर म्हणाले, रोम नाही तर नाही, आपल्या दारातलं रोम तर बघू. बरोबर मुलाला घेतलं, रिचर्डसन नावाच्या चित्रकार भावांना घेतलं आणि भिंतीच्या कडेकडेने निघाले. मास्तर टिपणं काढायचे आणि चित्रकार चित्रं.

परत आल्यावर त्यांनी न्यूकॅसलमध्ये त्यावर व्याख्यानं दिली. अमुक ठिकाणी भिंत अजून इतकी उंच आहे, तमुक ठिकाणी ठाण्याचे दरवाजे दिसतात, असं ते रंगून सांगत होते. आणि ऐकणाऱ्यांचा विश्वासच बसेना! 'आपल्याच मुलखात एवढं सगळं शिल्लक आहे? कशावरून?' शहर भिंतीपाशी वसलेलं, पण बहुतेकांनी ती पुरती कधी पाहिलेलीच नव्हती.

मास्तर चिडले नाहीत. ते म्हणाले, चला माझ्याबरोबर. मी दाखवतो.

झालं! १८४९ च्या उन्हाळ्यात या हौशी मंडळींनी बेत आखला. पूर्वेच्या टोकाला वॉल्सेंड नावाचं गाव आहे. त्या नावाचा अर्थच 'भिंतीचं टोक'. तिथून निघायचं आणि पश्चिमेला बोनेसपर्यंत जायचं. या सहलीला त्यांनी नाव दिलं 'यात्रा', आणि स्वतःला म्हणवून घेतलं यात्रेकरू. आपल्याकडे वारीला निघतात ना, तशीच ही दगडांची वारी!

वाटेत चेस्टर्स नावाच्या जागी जॉन क्लेटन नावाचे गृहस्थ राहायचे. न्यूकॅसलच्या नगरपालिकेत ते मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या घरासमोरच एक रोमन ठाणं होतं. हटन आजोबांनी विनवणी करून एक तुकडा वाचवला, क्लेटनसाहेबांनी दुसराच मार्ग काढला. भिंतीलगतची जमीन विकायला निघाली की ते विकत घ्यायचे! जमीनच आपली, मग दगड कोण नेणार? असं करत करत पाच रोमन ठाणी त्यांच्या मालकीची झाली. पडलेले दगड त्यांनी पुन्हा जागच्या जागी रचून घेतले. आज तिकडे गेल्यावर जी भिंत दिसते, तिचा बराच भाग त्यांच्यामुळे उरला आहे.

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, "पण बाई, ही भिंत हेड्रियननंच बांधली, कशावरून?" शाब्बास! पूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं, की ती सेव्हेरस नावाच्या नंतरच्या बादशहाची आहे. पण भिंतीवरच्या एका चौकीपाशी कोरीव दगड सापडला. त्यावर हेड्रियनचं नाव आहे आणि त्याच्या वेळी ब्रिटनचा कारभार बघणाऱ्या प्लॅटोरियस नेपोस याचंही. दगडच साक्षीला उभा राहिला म्हणा ना!

त्या पहिल्या यात्रेनंतर ब्रूस मास्तरांनी भिंतीवर पुस्तक लिहिलं, आणि पुढे यात्रेकरूंच्या खिशात मावेल असं मार्गदर्शक पुस्तकही. त्यात नवी माहिती घालत घालत सुमारे १४० वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. चौदावी आवृत्ती २००६ साली निघाली.

दुसरी यात्रा भरायला मात्र १८८६ साल उजाडलं. तेव्हा मास्तर ८० वर्षांचे झाले होते, आणि त्यांनाच 'मुख्य यात्रेकरू'चा मान मिळाला. पुढे साधारण दर दहा वर्षांनी यात्रा भरायची असा पायंडा पडला. १९४० ची यात्रा महायुद्धामुळे राहिली, ती १९४९ मध्ये झाली. त्याच वर्षी रोमन सीमांचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या मंडळींची पहिली परिषदही न्यूकॅसलला भरली. ती परिषदही अजून दर काही वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते. चौदावी यात्रा २०१९ साली झाली. दहा वर्षांचा हिशेब धरला तर पुढची २०२९ मध्ये यायला हवी.

या यात्रेत करतात काय? नुसतं हिंडून डबे खात नाहीत हं. गेल्या दहा वर्षांत कुठे खणलं, नवं काय कळलं, आधीचं काय चुकलं, याचं पुस्तकच यात्रेकरूंसाठी तयार होतं. मग त्या त्या जागी उभं राहून जाणकार माहिती सांगतात, बाकीचे प्रश्न विचारतात, कधी कधी चांगला वादही रंगतो. थोडक्यात, शंभर वर्षांहून जास्त काळ ही माणसं एकमेकांना 'कशावरून?' हेच विचारतायत!

रोमन इतिहासाचे असे वेडे पीर आणखीही आहेत. इंग्लंडमध्ये १९७२ पासून 'अर्माइन स्ट्रीट गार्ड' नावाची मंडळी रोमन शिपायांची चिलखतं, ढाली, शिरस्त्राणं अभ्यास करून बनवतात आणि ती अंगावर घालून कवायत करून दाखवतात. जर्मनीतले इतिहासकार मार्कुस युंकेलमान तर १९८५ मध्ये आपल्या साथीदारांना घेऊन रोमन शिपायाच्या वेषात, ओझ्यासकट, आल्प्स पर्वत ओलांडून गेले. इटलीतल्या वेरोनापासून जर्मनीतल्या ऑग्सबुर्गपर्यंत! शिपायाला किती त्रास व्हायचा, हे पुस्तकात शोधण्यापेक्षा पायांनाच विचारलं त्यांनी.

आणि सगळ्यात गोड गोष्ट शेवटी. भिंतीच्या जरा दक्षिणेला विंडोलँडा नावाचं ठाणं आहे. १९७३ साली तिथल्या ओल्या मातीत रॉबिन बर्ली या संशोधकांना पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी फळ्या सापडल्या. त्यांवर शाईनं लिहिलेला मजकूर! पुढे अशा शेकडो फळ्या मिळाल्या. एका पत्रात मोजे पाठवल्याचा उल्लेख आहे. एका फळीवर व्हर्जिल या रोमन कवीची एक ओळ गिरवलेली आहे आणि शेजारी दुसऱ्या हातानं काहीतरी लिहिलंय. काही विद्वानांना वाटतं, की तो 'काम ढिलं आहे' असा मास्तरांचा शेरा असावा! बघा, आमची जात किती जुनी आहे ती.

त्यातच इसवी सन १०० च्या आसपासचं, म्हणजे भिंत बांधण्याच्याही आधीचं, एक पत्र आहे. क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईनं ते आपली मैत्रीण लेपिडिना हिला पाठवलंय. दोघींचे नवरे वेगवेगळ्या ठाण्यांवर अधिकारी. पत्रात सेव्हेरा म्हणते, की ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू नक्की ये, तू आलीस तर त्या दिवसाची मजा वाढेल. मजकूर लेखनिकानं लिहिलाय, पण शेवटच्या काही ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत. बाईच्या हातचं लॅटिन अक्षर म्हणून जे सगळ्यात जुने नमुने जगाला माहीत आहेत, त्यांतला हा एक. एकत्र जमायचा बेत तेव्हाही असाच व्हायचा, 'ये हं नक्की' असं म्हणून!

हे सगळं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेल्या गेल्या तिसऱ्या बाकाजवळ उभी राहिले. म्हटलं, "परवा तू विचारलंस ते बरोबर होतं. मीच चुकले. आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं. तिथे पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटीशी मूर्ती सापडली. तीही रोमन काळातली, समुद्रापलीकडून आलेली. टाऊन हॉलच्या संग्रहालयाच्या संग्रहात ती आहे. आता सांग, काय करू या?"

तो जरा वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "बाई, आपण जायचं का बघायला?"

फळ्यावर बेत लिहून झालाय. पुढच्या महिन्यातला शनिवार. जायच्या आधी प्रत्येकानं एकेका गोष्टीची माहिती काढायची : कुणी पोसायडन, कुणी सोपारा बंदर, कुणी ब्रह्मपुरीची टेकडी. ज्यानं जे वाचलं ते त्यानं तिथे उभं राहून सांगायचं, आणि बाकीच्यांनी निदान एकदा तरी 'कशावरून?' विचारायचं. मलासुद्धा! आणि मूर्ती त्या दिवशी बघायला मिळेल का, हे संग्रहालयाला पत्र लिहून आधीच विचारायचं. ते पत्र कुणी लिहिलंय, ओळखा पाहू?

बरोबर. तिसऱ्या बाकावरच्यानं. अक्षर जरा वाकडं आहे, पण शेरा मी दिलेला नाही.

तुम्हांला जुन्या गोष्टींची आवड असेल, तर आधी तुमच्यासारखेच आणखी दोघं-तिघं शोधा. मग ठरवा एखादा शनिवार. काय पाहिलंत, ते मला पत्रानं कळवा. आणि हो, 'कशावरून' तेही लिहा हं!

तुमच्या,
बाई