सोनं तुमचं, पण खड्डा बुजवून जा



सहलीहून परतलेल्या मुलांचे खिसे कधी तपासलेत? दगड, शिंपले, पिसं, क्वचित किल्ल्यावरच्या भिंतीचा ढपलासुद्धा. कुठून आणलंस म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "सापडलं!" सापडलं म्हणजे आपलं, हा मुलांचा सरळ हिशोब. आपण त्यावर काय करतो? ओरडतो आणि खिसे रिकामे करायला लावतो. पुढच्या सहलीला मुलं दगड मोज्यात लपवतात.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात या प्रश्नाचं वेगळं उत्तर आहे. तिथे माणसं सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून सोनं शोधायला जातात. जमिनीखालचं खनिज मुळात सरकारचं. पण किरकोळ शुल्क भरून 'मायनर्स राइट' नावाचा परवाना काढला, की मोकळ्या सरकारी जमिनीवर मिळालेलं सोनं शोधणाऱ्याचं होतं. परवाना दहा वर्षं चालतो. खाजगी शेतात जायचं तर मालकाला विचारायचं. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी बंदी.

आता अटी बघा. फक्त हातानं चालवायची अवजारं: कुदळ, फावडं, परात. मेटल डिटेक्टर चालतो, पण यंत्रानं खोदायचं नाही, सुरुंग लावायचा नाही. झाडाझुडपांना इजा करायची नाही. आदिवासींच्या जुन्या जागा आणि वस्तूंना हात लावायचा नाही. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवूनच निघायचं. उघड्या खड्ड्यात उद्या कुणाचा तरी पाय मुरगळणार, नाहीतर जनावर पडणार. जाणते लोक वरचा पालापाचोळ्याचा थर आधी बाजूला ठेवतात आणि शेवटी तोच वर पसरतात. डिटेक्टर वाजला म्हणून खणलं आणि गंजका खिळा निघाला, तर तोही खिशात घालून घरी नेतात.

हा परवाना काही सरकारला सहज सुचलेला नाही. 1851 नंतर तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली. सोनं मिळो न मिळो, दरमहा 30 शिलिंग भरा, असा नियम होता. पोलीस परवाने तपासत फिरायचे. चिडलेल्या खाणकामगारांनी बॅलरॅटजवळ युरेका इथे मोर्चेबंदी केली. 3 डिसेंबर 1854 च्या पहाटे सैन्यानं हल्ला केला आणि वीसहून अधिक कामगार मेले. पुढच्याच वर्षी मासिक परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला. त्यासोबत मतदानाचा हक्कही मिळाला. नागरिकशास्त्राच्या तासाला हे एवढं जरी सांगितलं, तरी 'हक्क' आणि 'कर्तव्य' वेगवेगळे पाठ करावे लागणार नाहीत.

माझं मत साफ आहे. नुसत्या 'हात लावू नका'नं मुलं नियम चुकवायला शिकतात. 'खण, पण बुजव' यात त्यांच्यावर विश्वास असतो आणि कामही असतं. आपल्याकडे सगळीकडे तसं चालणार नाही, हे मान्य. संरक्षित किल्ला किंवा लेणं इथे 'नाही' म्हणजे नाहीच. जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा कायदा आपल्याकडे 1878 पासून आहे. (वर्गात हे सांगून बघा, मुलं चाट पडतात!)

शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात मात्र प्रयोग करता येईल. वाळूत सायकलचे छर्रे मिसळून पुरायचे. मुलांनी खणायचं, परातीत पाणी घेऊन वाळू हलवत धुवायची. सराफ बाजारातली माती धुणारे झारेकरी करतात ना, तसंच. लोखंड वाळूच्या जवळपास तिप्पट जड, म्हणून ते तळाशी राहतं. सोनं तर सातपटीहून जड! छर्रे ज्याचे त्याला. फक्त जागा आधीसारखी झाली की नाही हे दुसऱ्या गटानं तपासायचं, आणि त्यांनी 'हो' म्हटल्यावरच मोजणी सुरू करायची.