पाटा ट्रकचा की लोखंडाचा?

मालट्रकच्या कमानीचा पाटा हा ट्रकचा भाग आहे की नाही, असा प्रश्न पुण्याच्या नाना पेठेतील एखाद्या सुट्या भागांच्या दुकानदारास कोणी विचारला, तर तो विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहात राहील. पाटा ट्रकचा नाही तर काय बैलगाडीचा? परंतु सीमाशुल्काच्या दरपत्रकाचे उत्तर निराळे आहे. त्यानुसार पाटा ही लोखंडी वस्तू असून त्याची जागा ७३२० या शीर्षाखाली आहे. नटबोल्ट ७३१८ मध्ये, बेअरिंग ८४८२ मध्ये, स्टार्टर ८५११ मध्ये, पुढचे दिवे ८५१२ मध्ये, तर ड्रायव्हरची बैठक थेट फर्निचरच्या प्रकरणात, ९४०१ मध्ये! 'मोटारींचे सुटे भाग' असे ज्या शीर्षाचे नाव, त्या ८७०८ च्या पदरात गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक, क्लच, रेडिएटर अशी मंडळी उरतात.

हा केवळ कारकुनी वेडेपणा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १९७५ च्या दरपत्रक कायद्याची अनुसूची १९८६ साली ब्रुसेल्स येथे सिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतण्यात आली. बोल्ट उद्या ट्रकमध्ये बसेल की पिठाच्या गिरणीत, हे बंदरावरच्या अधिकाऱ्याने कसे ओळखावे? म्हणून सतराव्या विभागाच्या दुसऱ्या टीपेने अशा वस्तू मोटारीच्या प्रकरणातून वगळल्या. इथपर्यंत ठीक. पण तिसरी टीप म्हणते की, जो भाग केवळ किंवा मुख्यत्वे मोटारीसाठीच योग्य, तो मोटारीचा. आता ट्रकच्या अमुक एका मॉडेलखेरीज कशालाच न बसणारी वस्तू दुसऱ्या टीपेने वगळली गेली, तर तिसरी टीप तिला परत आत घेते काय? सारे भांडण या एका प्रश्नाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाकडे पाहावे, तर तेथूनही व्यापाऱ्याला सरळ वाट दिसत नाही. मे २०२० मध्ये युनि प्रॉडक्ट्सच्या खटल्यात मोटारीसाठीच बेतलेली पायांखालची मॅट ही मोटारीचा भाग नसून गालिचा होय, असा निर्णय झाला. दहा महिन्यांनी, ८ मार्च २०२१ रोजी, वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मरच्या खटल्यात रेल्वेच्या सिग्नलसाठीच वापरला जाणारा रिले हा विजेच्या उपकरणांत न जाता रेल्वेच्या प्रकरणात गेला. दोन्ही निर्णयांमागची कारणे कायदेपंडितांना पटतील. प्रश्न पंडितांचा नाही, न्हावाशेवा बंदरात ज्याचा कंटेनर उभा आहे त्याचा आहे.

दुसऱ्या निकालानंतर मोटारभागांच्या जुन्या आयातीची पुस्तके पुन्हा उघडली गेली. अखेर ५ जानेवारी २०२२ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला आपल्या अधिकाऱ्यांना सूचना द्यावी लागली की, विभागाच्या व प्रकरणाच्या टीपा आणि इतर निकालही ध्यानात घेऊन वर्गीकरण करावे. ज्या प्रश्नावर मंडळाला स्वतःच्याच अधिकाऱ्यांची समजूत घालावी लागते, त्याचे अचूक उत्तर व्यापाऱ्याने वर्षानुवर्षे आधीच लिहून ठेवायला हवे होते, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

कारण २०११ पासून शुल्काची आकारणी आयातदाराने स्वतः करावयाची आहे. त्याने एक कोटी रुपयांच्या मालावर चुकीचे शीर्ष लिहिले आणि दरात साडेसात टक्क्यांचा फरक निघाला, असे समजा. फरक साडेसात लाखांचा. सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची. पण 'माहिती दडवली' असा शिक्का बसला की ती पाच वर्षांची होते. मग तेवढाच दंड, शिवाय दर साल दर शेकडा १५ रुपये व्याज. पाच वर्षांपूर्वीचा हिशेब वीस लाखांच्या वर जातो. माल तर केव्हाच विकला गेला. गिऱ्हाइकाकडून आता दमडीही वसूल होत नाही.

दडवणारे दडवतात, हे आम्हांस मान्य आहे. अख्खे वाहन खोक्यांत भरून आणावे व त्याला सुटे भाग म्हणावे, ही चलाखी जुनीच आहे आणि तिच्यासाठी अर्थलावणीचा स्वतंत्र नियम आहे. अशांना खुशाल दंड करा. पण वस्तूचे नाव, वर्णन, उपयोग सारे खरे लिहून ज्याने केवळ आकडा निराळा घातला, त्याला त्याच रांगेत उभे करू नका. शीर्षाविषयीचा प्रामाणिक दावा म्हणजे खोटे निवेदन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने नॉर्दर्न प्लास्टिकच्या खटल्यात १९९८ सालीच सांगितले आहे. तरीही पाच वर्षांच्या नोटिसा निघतच राहिल्या.

अग्रिम निर्णयाची सोय आहे, असे सांगितले जाईल. आहे, मुंबईतही आहे. पण तो निर्णय अर्जदारापुरताच बांधील असतो. नाना पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराने प्रत्येक वॉशरसाठी अर्ज करावयाचा काय?

सरकारने मनात आणले की गाठ कशी सुटते, हे वस्तू व सेवा कराने दाखविले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीचा कोणताही भाग, तो कोणत्याही शीर्षाखाली येवो, १८ टक्क्यांच्या एकाच दरात आला. तोवर ८७०८ ला २८ आणि शेजारच्या अनेक शीर्षांना १८ टक्के, हेच निम्म्या तंट्यांचे मूळ होते. ते उपटले गेले. मात्र मूळ सीमाशुल्कातील तफावत आणि मागच्या वर्षांच्या मागण्या तशाच आहेत.

सीमाशुल्क कायद्याच्या १५१-अ कलमानुसार एकसूत्री वर्गीकरणाचे आदेश काढण्याचा अधिकार मंडळाला आहे. ट्रकच्या नेहमी येणाऱ्या भागांची यादी करून प्रत्येकापुढे शीर्ष लिहावे आणि ते आदेशाच्या तारखेपासून लागू करावे. जेथे सर्व बंदरांत एकच रीत चालत आली होती, तेथील जुनी वसुली सोडून देण्याचा अधिकार २८-अ कलमाने केंद्र सरकारकडे आहे, तोही वापरावा. या दोहोंसाठी नवा कायदा करावा लागत नाही.