तलाव कुणाचा? बदकाला विचारा!



२ फेब्रुवारीला पाणथळ दिवस येतो. साहेब लोक दुर्बीण घेऊन तलावाच्या पाळीवर उभे राहतात, बदकं मोजतात आणि जाता जाता आपल्यालाच सांगतात, पक्षी वाचवा!

वाचवू. पण आधी हिशेब होऊ द्या.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे तलाव बांधले कुणी? गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधेल त्याला जमीन, असा रिवाज होता. कोहळ्यांनी जागा हेरली, माती कष्टकऱ्यांनी वाहिली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून मालक साहेब, अन् पाळ फुटली की धावायचं आपण!

गाळ काढायला मशीन येते, ती उथळ काठ उभा कापते. त्याच उथळ पाण्यात देवधान, कमळ उगवतं, मासा अंडी घालतो, बदक चरतं. काठ गेला की सगळंच गेलं. वरून ठेकेदार गवत्या मासा सोडतो, तो उरलेलं गवत खातो. मोकळ्या जागी बेशरम माजते.

आता पाऊसही बदललाय. उशिरा येतो, मधे मोठा खंड देतो, मग एका रात्रीत कोसळतो. गाळानं भरलेला तलाव ते पाणी धरणार कसा? उन्हाळ्याआधीच बूड दिसतं. आपलं धान वाळतं, अन् हिमालय ओलांडून आलेल्या हंसाला उतरायला जागा नाही.

सरकार म्हणतं, नियम आहेत. २०१७ चे पाणथळ नियम वाचा. सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यातून वगळलेत, धानाची शेतंही वगळलीत. सारस चरतो तो बांधीतच. त्याला हा नियम कोण समजावणार?

खरं बोलायचं तर बोट आपल्याकडेही वळतं. बांधीतलं विष तलावात उतरतं. जाळं इतकं बारीक की पिल्लूही सुटत नाही. हे आपणच थांबवायचं.

पण "माणूस हटवा, पक्षी राहील" हे आम्हाला मान्य नाही. माणूस हटवल्यावर पाळ कोण बांधेल? बेशरम कोण उपटेल? २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३ मासे अन् पाण्यातल्या इतर उपजेवर सामूहिक हक्क देतं. कलम ५ पाणलोट, जलस्रोत अन् वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. कायदा आपल्या बाजूचा आहे, वापरायचा आपण.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन कामं करा. सामूहिक दाव्यात वनहद्दीतला एकूण एक तलाव, बोडी नावानिशी लिहा. ढिवर भावाबहिणींना सोबत घ्या, पाण्यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. अन् ठराव करा: काठ उभा कापायचा नाही, मासा अंडी घालतो त्या दिवसांत जाळं टाकायचं नाही.

पुढच्या २ फेब्रुवारीला साहेब आले की चहा पाजा. बदकं मोजू द्या. पण आधी ठराव वाचून दाखवा.

आमच्या गावचा तलाव, आमची ग्रामसभा राखणार!