छत्तीस गुण की छत्तीसचा आकडा?

अप्रेझल झालं, बोनस खात्यात पडला आणि डोक्यात एकच किडा वळवळतोय... गेमिंग पीसी! ऑफिसच्या लॅपटॉपवर एक्सेलशिवाय काही चालत नाही आणि चाललंच तर आयटीवाले चालू देत नाहीत. कन्सोल घ्यायचा म्हटलं की घरून प्रश्न येतो, ‘एवढे पैसे फक्त गेमसाठी?’ पीसीचं कसं बरं असतं, ‘घरून ऑफिसचं कामही होईल’ असं ठणकावून सांगता येतं.

मग सुरू होतो रिसर्च. दोन रात्री व्हिडिओ बघून कार्ट भरलं जातं. प्रोसेसर कॉलेजच्या मित्राने सांगितला म्हणून, मदरबोर्ड सेलमध्ये होता म्हणून, रॅम आरजीबी लाइटवाली दिसली म्हणून आणि एसएमपीएस? तो काय, कॅबिनेटबरोबर फुकट मिळतोय की! प्रत्येक पार्ट आपापल्या जागी एकदम भारी. पण एकमेकांशी त्यांचं पटणार आहे का, हे कोणी बघितलंय? मंडळी, लग्नात पत्रिका बघायची की नाही हा तुमचा आणि आईचा प्रश्न. पीसीच्या बाबतीत मात्र पत्रिका बघावीच लागते. छत्तीस गुण जुळायला निघालेल्या पार्टांमध्ये छत्तीसचा आकडा निघाला, तर सील तोडलेला बोर्ड दुकानदार हसतमुखाने परत घेईल अशी आशा ठेवू नका.

आता ‘जुळणं’ म्हणजे काय? यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे बसणं आणि दुसरी झेपणं. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसत नसेल तर लगेच कळतं, तुम्ही चरफडता आणि बदलायला धावता. झेपत नसेल तर मात्र कळतच नाही. मशीन सुरू होतं, गेमही चालतो, फक्त ज्याचे पैसे मोजले ते पूर्ण मिळत नाही. बजेट मशीनमधले पैसे बहुतेक वेळा या दुसऱ्या भोकातून गळतात.

म्हणून सुरुवात प्रोसेसरपासून करू नका, टेबलावरच्या मॉनिटरपासून करा. साधा १०८० पी, ६० हर्ट्‌झचा मॉनिटर असेल, तर तो सेकंदाला ६० फ्रेम दाखवणार. कार्डाने १५० काढल्या तरी बाकीच्या वाया. (नवा १४४ हर्ट्‌झचा घेतलात, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. कित्येक लोक महिनोन्‌महिने ६० वर खेळत बसतात आणि ‘काय स्मूद आहे यार’ म्हणतात!) मॉनिटर ठरला की ग्राफिक्स कार्ड ठरतं. मशीनमधला सगळ्यात मोठा खर्च तोच आणि गेमिंगमध्ये सगळ्यात जास्त फरक पाडणाराही तोच. बाकीची टीम त्याच्याभोवती उभी करायची.

स्वस्त कार्डांमध्ये एक छुपा रुस्तम असतो. कार्ड बोर्डाच्या ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं, त्याला १६ लेन असतात, म्हणजे डेटा जायला-यायला १६ पदरी रस्ता. पण प्रत्येक कार्ड सगळे पदर वापरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार वापरतं. पीसीआय-एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते निभावून नेतं, पण ३.० वर रस्ता निम्मा होतो आणि कित्येक गेममध्ये कार्ड धापा टाकतं. आता गंमत बघा. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे दोन लोकप्रिय स्वस्त प्रोसेसर ३.० वरच चालतात, बोर्ड कितीही नवा असो. म्हणजे बजेट बघून हा प्रोसेसर, बजेट बघूनच ते कार्ड... आणि जोडी फ्लॉप! सगळं नीट बसतं, एरर येत नाही, तक्रार कोणाकडे करणार? आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरतात, त्यांना ३.० वर तुलनेने कमी फटका बसतो. सेकंडहँड कार्ड बघत असाल तर एवढं लक्षात असू द्या.

प्रोसेसरकडे येऊ. नावाच्या शेवटी ‘एफ’ दिसला, उदाहरणार्थ इंटेल आय-फाइव्ह १२४००एफ किंवा रायझन ५ ७५००एफ, तर त्याला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. म्हणून तो स्वस्त. कार्ड लावणारच असाल तर बेस्ट डील. पण आमच्या ग्रुपमधल्या एकाने ‘आत्ता एफ घेतो, कार्ड पुढच्या दिवाळीत’ असा प्लॅन केला आणि नवं कोरं मशीन काळा स्क्रीन दाखवत बसलं. रायझन ५ ५६०० च्या नावात एफ नाही, तरी त्यातही ग्राफिक्स नाहीत, ५६००जी मध्ये आहेत. एएमडीने नावं ठेवताना बारशाला आत्याला बोलावलं नसावं.

आता खरी पत्रिका. सॉकेट, रॅम आणि बायॉस.

बजेटवाल्यांसमोर आज साधारण तीन घराणी आहेत. एएमडीचं जुनं एएम४, त्यावर फक्त डीडीआर४ रॅम. एएमडीचं २०२२ मध्ये आलेलं एएम५, त्यावर फक्त डीडीआर५. आणि इंटेलचं एलजीए १७००, ज्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते. या तिसऱ्या घराण्यात फसायला सगळ्यात सोपं, कारण तोच प्रोसेसर डीडीआर४ च्या बोर्डावरही चालतो आणि डीडीआर५ च्याही. एकाच नावाचे दोन बोर्ड शेल्फवर शेजारी असतात, फरक फक्त नावाच्या शेपटीत, ‘डी४’ असा. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जात नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बघणारे महाभाग आहेत, तुम्ही त्यातले होऊ नका. आणि लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपच्या बोर्डावर चालत नाही.

मग घ्यायचं कोणतं? २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जे भडकले, त्याने जुनं सगळं गणित फिरवलं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कंपन्यांनी माल तिकडे वळवला आणि आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांच्या खिशाला कात्री लागली. डीडीआर४ सुद्धा यातून सुटली नाही. म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. घरात जुन्या डेस्कटॉपची डीडीआर४ रॅम पडली असेल, दोन पट्ट्या मिळून १६ जीबी असेल, तर डोळे झाकून एएम४ किंवा डीडीआर४ वाला एलजीए १७०० बोर्ड घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. एएम४ चं पुढे फारसं भविष्य नाही हे खरं. पण रायझन ५ ५६०० चे सहा कोअर १०८० पी गेमिंगला आजही पुरतात. रॅम कोरीच घ्यायची असेल आणि तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर एएम५. त्या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. इंटेलचं एलजीए १७०० मात्र तिथेच संपलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा डेस्कटॉप प्रोसेसरना नवं सॉकेट लागतं.

बायॉस नावाचं प्रकरण याहून खवचट. समजा तुम्ही एएम४ चा बी४५० बोर्ड घेतला आणि वर ५६०० बसवला. सॉकेट तेच, पिना त्याच, बसलासुद्धा मस्त. पण बी४५० आला २०१८ मध्ये आणि ५६०० आला २०२२ मध्ये. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल, तर त्याच्या बायॉसला हा प्रोसेसर माहीतच नाही. पंखा फिरतो, स्क्रीनवर काही नाही. बायॉस अपडेट करायला चालणारा प्रोसेसर हवा आणि प्रोसेसर चालायला अपडेट हवं... सरकारी ऑफिसच्या दाखल्यासारखं! यावर दोन उपाय. ‘बायॉस फ्लॅशबॅक’ असलेला बोर्ड घ्या, त्यात पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायच अपडेट होतं. नाहीतर विकत घेतानाच दुकानदाराला अपडेट करून द्यायला सांगा. लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार दिवसभर हेच करतात, त्यांना ते नवीन नाही. मात्र ‘चालतंय हो साहेब’ एवढ्यावर समाधान मानू नका. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलखाली कोणता प्रोसेसर कोणत्या बायॉस व्हर्जनपासून चालतो याची यादी असते. व्हर्जन नंबर बोर्डाच्या खोक्यावर किंवा चिपवरच्या स्टिकरवर बहुतेक वेळा सापडतो. पाच मिनिटांचं काम आहे.

रॅम एकच मोठी पट्टी न घेता दोन घ्या, आणि बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. एकाच पट्टीवर प्रोसेसरला अर्धाच रस्ता मिळतो. आणखी एक, इंटेलच्या सगळ्यात स्वस्त एच६१० बोर्डावर डीडीआर४ ३२०० च्या वर जात नाही. त्यावर ३६०० ची महाग रॅम म्हणजे गल्लीत फेरारी.

आता एसएमपीएस. इथे मी जरा कडक बोलणार आहे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, खोक्यावर ‘४५० वॉट’ लिहिलेला आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस घेऊ नका. बाकी कुठेही काटकसर केलीत तर फ्रेम कमी मिळतील, इथे केलीत तर बोर्ड आणि कार्ड दोन्ही पणाला लागतं. आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॉटच्या आसपास खातं, पण एनव्हिडिया पूर्ण मशीनसाठी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा ५५० वॉट घेतलात की या वर्गातल्या कार्डांची काळजी मिटली. शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, दर्जाची पूर्ण हमी देत नाही, म्हणून वॉरंटीची वर्षंही बघा. पाच वर्षांची देणारी कंपनी थोडाफार विचार करून देत असते.

केबलींचं एक ध्यानात ठेवा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल (चार-चार अशी तुटते) आणि कार्डाची आठ पिनांची केबल (सहा-दोन अशी तुटते) दिसायला बहिणी, पण आतलं वायरिंग वेगळं. आणि मॉड्युलर सप्लायच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीही लावू नका. सप्लायच्या बाजूच्या पिनांना सर्वमान्य स्टँडर्ड नाही. खटकन बसतात आणि क्षणात हार्ड डिस्कचा धूर होऊ शकतो.

आपल्याकडची खास भर म्हणजे यूपीएस. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. मशीन आणि मॉनिटर मिळून ऐन गेममध्ये त्याच्या जवळ गेले, तर लाइट गेल्यावर तो टुकटुक करून मान टाकेल. किमान १००० व्हीए बघा.

कॅबिनेटला फार वेळ देत नाही. पुढे काच नको, जाळी हवी. मुंबईच्या मे महिन्यात काचेमागे पंखे काय करणार? कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये ताडून बघा. एसएसडी एनव्हीएमई घ्या. एम.२ आकारातच साटाच्या एसएसडीही येतात, दिसायला जवळपास तशाच पण बऱ्याच हळू. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. मॅन्युअलमध्ये ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जुन्या फोटोंची हार्ड डिस्क लावणार असाल तर आधी वाचा.

सगळं जोडून झालं की मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नाही. मग रॅमचा पूर्ण वेग चालू करायला बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी, नाहीतर एएमडीवर एक्स्पो सुरू करा. आणि एएम५ घेतला असेल, तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहील. बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो. त्या वेळात घाबरून प्लग काढू नका, दुकानदाराला फोन लावू नका. गॅसवर चहा ठेवा.