विश्लेषण : ठाणे-डोंबिवलीच्या उन्हाळ्यात संगणकातील ‘कूलन्ट’ किती तापला तर चालतो?

द्रवाने थंड होणारे डेस्कटॉप संगणक आता हौशी गेमरपुरते राहिलेले नाहीत. घरून व्हिडीओ संपादन, ॲनिमेशन किंवा त्रिमितीय आराखड्यांचे काम करणारेही ‘लिक्विड कूलिंग’चा पर्याय निवडतात. मात्र ठाणे, कल्याण-डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये खोलीचेच तापमान ३५ अंशांपुढे गेले, की ही महागडी यंत्रणाही तापू लागते. अशा वेळी बहुतेकांचे लक्ष प्रोसेसरच्या तापमानाकडे असते. धोका मात्र द्रवाच्या तापमानात दडलेला असतो.

ही यंत्रणा काम कशी करते?

प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून द्रव फिरतो आणि उष्णता उचलतो. पंप तो द्रव रेडिएटरकडे ढकलतो आणि पंखे ती उष्णता खोलीत सोडतात. म्हणजे द्रव उष्णता नष्ट करत नाही, फक्त वाहून नेतो. त्यामुळे पंखे कितीही जोरात फिरले तरी द्रव खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पूर्ण भार असताना द्रव खोलीपेक्षा १० ते १५ अंशांनी गरम राहिला, तर यंत्रणा चांगली चालली आहे असे मानले जाते.

प्रोसेसरला ९५ अंश चालतात, मग द्रवाला का नाही?

एएमडीचे २०२२ मधील रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत, तर इंटेलचे अनेक प्रोसेसर १०० अंशांपर्यंत काम करतील अशी रचना असते. ही मर्यादा आली की चिप स्वतःच वेग कमी करते आणि त्यानेही भागले नाही तर संगणक बंद होतो. असे संरक्षण नळ्या, रबरी सील आणि पंपाला आपोआप मिळत नाही. कस्टम यंत्रणांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी-५ पंपासाठी द्रवाची कमाल मर्यादा ६० अंश आहे. तयार संचांचे उत्पादकही साधारण याच आकड्यावर धोक्याची रेषा ओढतात. त्यापुढे पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या मऊ पडण्याचा आणि सांधे सैल होऊन गळती होण्याचा धोका असतो. रबरी नळ्यांमधून पाण्याचा अंश एरवीही हळूहळू उडतो. उष्णतेत हा वेग वाढतो, आत हवा साठते आणि पंप आवाज करू लागतो. गळती झालीच, तर खाली असते ते बहुधा सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड. म्हणून ४५ अंशांपर्यंत निर्धास्त, ५० अंशांना सावध आणि ५५ अंशांना काम थांबवावे, हा व्यवहार्य नियम ठरतो.

ठाणे-कल्याणमध्ये प्रश्न अधिक बिकट का?

मुंबईचे तापमान म्हणून रोज जे आकडे वाचले जातात, ते हवामान विभागाच्या कुलाबा आणि सांताक्रूझ केंद्रांचे असतात. ठाणे, त्याहून कल्याण-डोंबिवली हा पट्टा समुद्रापासून आत आहे. दुपारचा समुद्री वारा तिथे उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतो. आता हिशेब पाहू. खोली २६ अंशांवर असेल, तर द्रव ३६ ते ४१ अंशांवर राहतो. खोली ३६ अंशांवर असेल, तर तोच द्रव ४६ ते ५१ अंशांवर जातो. त्यात ५०० वॅट खाणारा संगणक ती सगळी वीज उष्णतेच्या रूपात त्याच बंद खोलीत सोडत असतो.

म्हणजे धोक्याच्या रेषेपर्यंत उरतात जेमतेम १० अंश. यंत्रणेत एक लिटर पाणी असेल, ३०० वॅट उष्णता त्यात येत असेल आणि बाहेर काहीच पडत नसेल, तर दर १४ सेकंदांना पाणी एक अंशाने तापते. हे १० अंश अडीच मिनिटांच्या आतच संपतात.

मग द्रव आणखी थंड का करू नये?

कारण कोकणपट्टीची दमट हवा. तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. चिलर किंवा बर्फ वापरून द्रव त्याखाली नेला, तर नळ्यांना बाहेरून घाम फुटतो आणि पाणी थेट मदरबोर्डवर ठिबकते. साध्या रेडिएटरच्या यंत्रणेत हा धोका नसतो.

मोठी डेटा सेंटर काय करतात?

ठाणे जिल्ह्यातच ऐरोली, महापे परिसरात डेटा सेंटरचा मोठा पट्टा उभा राहिला आहे. या उद्योगाचा जागतिक कल पाणी गार करण्याऐवजी कोमट पाण्यानेच चिप थंड करण्याकडे आहे. ‘एनव्हिडिया’ने जानेवारी २०२६ मध्ये आपल्या नव्या ‘व्हेरा रुबिन’ प्रणालीला ४५ अंशांचे पाणी चालेल, त्यासाठी चिलरची गरज नाही, असे जाहीर केले. मात्र तिथल्या वाहिन्या आणि पंप त्यासाठीच घडवलेले असतात आणि त्यांवर चोवीस तास देखरेख असते. घरच्या संगणकासाठी यातून इतकाच बोध घ्यावा, की कोमट द्रव म्हणजे बिघाड नव्हे.

घरी काय काळजी घ्यावी?

द्रवाचे तापमान दाखवणारा सेन्सर नसेल तर तो बसवून घ्यावा. पंख्यांचा वेग प्रोसेसरऐवजी द्रवाच्या तापमानाशी जोडावा. नळाचे पाणी भरू नये. त्यातील क्षारांचे थर ठोकळ्याच्या बारीक खाचांत साचतात. मेट्रो आणि इमारतींची कामे सुरू असलेल्या भागात रेडिएटरवरील धूळ उन्हाळ्याआधी साफ करावी.

पूर्ण भारावर अर्धा-पाऊण तास काम झाल्यावर द्रव आणि खोली, दोन्हींचे तापमान मोजावे. फरक १५ अंशांहून बराच जास्त असेल, तर दोष यंत्रणेत आहे : धूळ, अडलेला पंखा, मंदावलेला पंप किंवा कमी झालेला द्रव. फरक ठीक असूनही आकडा ५० अंशांपुढे जात असेल, तर यंत्रणा निर्दोष आहे, तापली आहे ती खोली. अशा वेळी नवा, महागडा कूलर घेऊन उपयोग नाही. खिडकी उघडणे, एक्झॉस्ट पंखा किंवा एसी लावणे, नाहीतर जड काम रात्रीवर ढकलणे, हेच उपाय उरतात.