चालवील त्यानेच धुवावे

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर, नाशिककडच्या मातीच्या ट्रॅकवर आणि घाटमाथ्यावरील बैलगाड्यांच्या जुन्या वाटांवर गेल्या काही वर्षांत डर्ट बाइक चालविणाऱ्या तरुणांची जी वर्दळ वाढली आहे, तिच्याकडे केवळ उपद्रव म्हणून पाहणाऱ्यांपैकी मी नाही. धैर्य, तोल, क्षणार्धात निर्णय घेण्याची शक्ती आणि पडल्यावर पुन्हा उठून उभे राहण्याची चिकाटी हे गुण ज्या खेळात अंगी बाणतात, तो खेळ समाजाला हितकारकच आहे. परंतु प्रत्येक विद्येचे जसे एक दर्शनी अंग असते तसेच एक पडद्याआडचेही असते. उडी, वळण आणि वेग हे ह्या विद्येचे दर्शनी अंग. सीटखाली, एअरबॉक्सच्या अंधारात बसविलेल्या स्पंजाच्या गाळणीची निगा हे तिचे पडद्याआडचे अंग. ह्या दुसऱ्या अंगाची जबाबदारी गॅरेजवर सोपवून मोकळे होण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे पडत चालला आहे, तो मोडला पाहिजे, आणि जो गाडी धुळीत घालील त्यानेच तिचा एअर फिल्टर स्वहस्ते धुवून त्याला तेल द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्या बारीकशा कामाला एवढे महत्त्व का, हे हिशेबाने पाहावे. पेट्रोल जळावयाचे तर वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे 14.7 भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलामागे अदमासे 11 किलो, आकारमानाने 9,000 लिटरांच्या घरात, हवा खर्ची पडते. 250 सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मिनिटाला 8,000 फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला 4,000 वेळा, ते पाव लिटर हवा आत ओढते. कागदावरच्या हिशेबाने हे मिनिटाला 1,000 लिटर झाले. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला 6 ते 8 लिटर हवेवर भागवितो हे ध्यानात घेतले, म्हणजे पुढच्या गाडीच्या मागील चाकाने उधळलेल्या लोटात शिरून अर्धा तास गाडी हाकणारा स्वार आपल्या इंजिनासमोर केवढी धूळ आणून ठेवीत असतो, ह्याची कल्पना येईल.

आणि धूळ म्हणजे मऊ पूड, हा आपला समज नुसत्या डोळ्यांनी करून दिलेला आहे. फ्रीडरिख मोह्स ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी घालून दिली, तिच्यावर वाळूतील क्वार्ट्झची पायरी 7 आहे, आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पारची 6 आहे, साध्या पोलादी पात्याची साडेपाचच्या आसपास आहे, आणि ॲल्युमिनियमची तर 3च्याही खाली आहे. त्यातही इंजिनाचा खरा घात करणारे कण बहुधा 5 ते 20 मायक्रॉनांचे असतात. मनुष्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, तेव्हा असा कण मुठीत घेऊनही दिसावयाचा नाही. परंतु पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत ह्यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पदर असतो, त्याला भेदून दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी घासण्यास तेवढेच आकारमान पुरेसे होते. व्हॉल्व्ह सीटवर घोटून बसविताना कारागीर जी ग्राइंडिंग पेस्ट मुद्दाम लावतो, तिच्यात तेल आणि कठीण कण ह्यांवाचून दुसरे काय असते? हीच पेस्ट निष्काळजी मालकाच्या इंजिनात आपोआप तयार होते आणि चालत्या गाडीत अहोरात्र आपले काम करीत राहते.

परिणाम कारागिरांना पाठ आहेत. बोअर झिजतो, कॉम्प्रेशन उतरते, पिकअप जातो, सायलेन्सरातून निळसर धूर येऊ लागतो आणि अखेरीस ब्लॉक-पिस्टनचे काम काढावे लागते. हल्लीच्या मोटोक्रॉस गाड्यांत वजन वाचविण्याकरिता इनटेक व्हॉल्व्ह पुष्कळदा टायटॅनियमचे घातलेले असतात. धुळीने त्यांच्यावरील संरक्षक थर खरवडला गेला, की व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसू लागतो, टॅपेटची फट कमी कमी होत जाते, आणि कालपर्यंत एका किकमध्ये सुरू होणारी गाडी आज घाम काढते. मालक प्लग बदलतो, पेट्रोलाला दोष देतो, पण मूळ दोष एअरबॉक्समध्ये असतो.

डर्ट बाइकचा फिल्टर बहुधा पॉलियुरेथेन फोमचा असतो. बाहेरचा थर जाड विणीचा, आतला बारीक विणीचा. ह्या फोमची छिद्रे घातक कणांहून कितीतरी मोठी असतात, आणि म्हणून कोरडा फोम पाने, खडे आणि चिखलाचे शिंतोडे अडवील, परंतु बारीक धूळ त्याला दाद देणार नाही. खरी किमया तेलाची आहे. फोमच्या वाकड्यातिकड्या वाटांतून जाताना हवा हलकी असल्यामुळे चटकन वळते. कण तिच्यामानाने जड असल्यामुळे त्याला वळण साधत नाही आणि तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. तंतू कोरडा असेल तर तो निसटून पुढे जातो, चिकट तेलाने माखलेला असेल तर जागच्या जागी कैद होतो. हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. जुन्या ट्रॅक्टरांना ऑइल बाथ एअर क्लीनर असे. त्याच्या तळच्या वाटीतील तेलावर हवा आपटून धूळ खाली बसे, आणि नांगरटीच्या दिवसांत ती वाटी उतरवून गाळ खरवडण्याचे व नवे तेल ओतण्याचे काम ट्रॅक्टर हाकणाराच बांधावर बसून करी. त्यासाठी त्याने मेकॅनिकला कधी निरोप धाडला नाही.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी वरून पुसून घेतल्यावर सीट किंवा बाजूचे झाकण काढावे, मधला बोल्ट सैल करून फिल्टर त्याच्या पिंजऱ्यासह अलगद उचलावा, आणि त्याच्या कडेवरची माती आतल्या तोंडात सांडू देऊ नये. ह्याच क्षणी एक परीक्षा करून घ्यावी, जिच्यावाचून बाकी सर्व सेवा व्यर्थ आहे. स्वच्छ पांढरे फडके बोटाला गुंडाळून कार्बोरेटरकडे किंवा थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून एकवार फिरवावे. फडके कोरे निघाले तर मागल्या खेपेचे काम चोख झाले होते. त्यावर मातकट रेघ उमटली तर फिल्टर नीट बसला नव्हता, तेल अपुरे होते किंवा फोमचा सांधा उकलला आहे, ह्यांपैकी काहीतरी घडले आहे. सर्व्हिस कार्डावरील कोणत्याही सहीशिक्क्याहून हा दाखला अधिक विश्वसनीय आहे. मग ते तोंड स्वच्छ फडक्याने बंद करावे, एअरबॉक्स पुसावा, आणि फोम पिंजऱ्यावरून उतरवून रॉकेलमध्ये किंवा फिल्टरसाठी मिळणाऱ्या खास द्रावणात, हातमोजे घालून, हलके हलके दाबून धुवावा. दाबावा, पिळू नये. पिळल्याने थरांचे सांधे उकलतात. धुण्याचा प्रवाह आतून बाहेर असावा, नाहीतर बाहेरची धूळ आपणच आतल्या थरात नेऊन बसवितो. तेल आणि माती सुटली की साबणाच्या कोमट पाण्यात पुन्हा धुवावा, आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा. ओल राहिली तर तेवढ्या जागी तेल धरत नाही.

तेल देण्याचे काम हाताला शिकवावे लागते. कणकेला तेलाचा हात लावून ती मळावी, तसा तेल घातलेला फोम एखाद्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चहूकडून मळावा, जेणेकरून तेल सांध्यांत, कोपऱ्यांत आणि बोल्टच्या भोकाभोवती सारखे पोचेल. फिल्टरच्या तेलात निळा किंवा लाल रंग घातलेला असतो तो शोभेसाठी नव्हे: जेथे रंग फिका तेथे तेल कमी, जेथे गडद तेथे अधिक, अशी ती उघड साक्ष असते. जादा तेल दाबून काढावे, कारण तुडुंब भिजलेल्या फोममधून इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. तेल पातळ करणारा द्रवांश उडून ते चिकट होईपर्यंत थांबावे, एअरबॉक्सला टेकणाऱ्या कडेला ग्रीसचा पातळ पदर द्यावा, आणि पिंजऱ्याची खूण जागेवर आली आहे ना हे डोळ्यांनी नव्हे तर बोट कडेने फिरवून पाहावे. उत्तम धुतलेला आणि उत्तम तेल दिलेला फिल्टर वाकडा बसला, तर केलेली सारी मेहनत फुकट जाते. धूळ फटीतूनच जाईल.

ह्या कामात घाईमुळे ज्या वहिवाटी रूढ झाल्या आहेत, त्यांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. फोम न धुता कॉम्प्रेसरची हवा मारून परत बसविणे ही पहिली. ती हवा तेलात रुतलेली धूळ काढीत तर नाहीच, उलट फोमला इजा करते. पेट्रोलमध्ये धुणे ही दुसरी; पेट्रोल थरांचा गोंद सोडविते, आणि गोठणबिंदूच्याही पुष्कळ खालच्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते, हे विसरून बंद गॅरेजमध्ये परात भरून ठेवणे हा आगीशी खेळ आहे. इंजिनातून काढलेले जुने तेल फोमला चोपडणे ही तिसरी. ते तेल चिकटून राहत नाही, उभ्या गाडीत ओघळून तळाशी जमते, आणि वरचा भाग कोरडा पडतो. ह्याच्या उलट चूकही होते: साध्या दुचाकींत जो कागदी फिल्टर असतो त्याला धुण्याचा किंवा वरून तेल देण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, त्याची मुदत संपली की तो बदलावयाचा असतो.

परंतु सर्वांत मोठा गैरसमज मुदतीचा आहे. डांबरी सडकेवरील गाड्यांच्या सेवेचे वेळापत्रक किलोमीटरांत आखलेले असते, आणि तेच वेळापत्रक मातीच्या वाटेला लावण्याची आपल्याला सवय जडली आहे. धूळ किलोमीटर मोजीत नाही. पावसाळ्यात ओल्या वाटेवरची दिवसभराची रपेट फोमला जेवढे मळविणार नाही, तेवढे एप्रिलमधील सुक्या माळावरची, दहा गाड्यांच्या मागून केलेली, एका तासाची रपेट मळविते. म्हणून हिशेब रपेटीगणिक ठेवला पाहिजे: धुळीत गेलेली गाडी घरी आली की फिल्टर उतरवावा, आणि दुसरा धुतलेला, तेल दिलेला फिल्टर डब्यात तयार असावा. असे दोन-तीन फोम जवळ बाळगण्याचा खर्च एका ब्लॉक-पिस्टनच्या खर्चापुढे नगण्य आहे.

ह्यावर कोणी म्हणतील, पैसे देतो, मेकॅनिक करील. त्याच्या पोटावर पाय का आणावा? कुशल मेकॅनिकचा मान आणि मोबदला दोन्ही वाढले पाहिजेत, ह्याविषयी दुमत नाही. पण रपेट रविवारी संध्याकाळी संपते, गॅरेज सोमवारी किंवा मंगळवारी उघडते, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे मित्रांची हाक आली, की तोच मळका फोम पुन्हा धुळीत जातो. शिवाय फडक्यावरची ती मातकट रेघ ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तो पुढच्या खेपेस पुढच्या गाडीपासून चार हात अंतर राखून चालवितो; निगेतून आलेले हे शहाणपण पावती फाडून मिळत नाही. सी. एस. संतोष 2015 साली ज्या डकार रॅलीत उतरले आणि ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले, आणि हरिथ नोआ ह्यांनी 2024 साली सौदी अरबस्तानच्या वाळूत जिच्या रॅली-2 वर्गात अव्वल क्रमांक मिळविला, त्या जगातील अतिकठीण शर्यतीत सहायकावाचून धावणाऱ्या स्वारांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. दिवसभर शेकडो किलोमीटर हाकून तळावर आलेला हा स्वार ठरावीक मापाच्या पेटीतील हत्यारे काढतो आणि आपल्या गाडीची सारी सेवा आपणच करतो. अशा स्वारांना तेथे विशेष आदराने पाहिले जाते. आणि परदेशाकडे तरी कशाला बोट दाखवावे? 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून ज्यांनी आरंभ केला आणि 1910 साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या महाराष्ट्रात हात काळे होण्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

एका कर्तव्याची मात्र ह्याच वेळी आठवण दिली पाहिजे. फिल्टर धुतलेले रॉकेल ओढ्यात, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणारा मनुष्य ज्या निसर्गासाठी रानात जातो त्याच निसर्गात विष कालवितो. ते रॉकेल झाकणाच्या डब्यात ठेवावे. गाळ तळी बसला की वरचे पुन्हा पहिल्या धुण्याला चालते, आणि अगदी निरुपयोगी झालेले वापरलेल्या तेलाबरोबर, ते रीतसर स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती तिघांकडे आहे. विक्रेत्याने डर्ट बाइकची किल्ली देण्यापूर्वी नव्या मालकाकडून फिल्टर एकदा उतरवून, तेल देऊन, परत बसवून घ्यावा आणि गाडीबरोबर दुसरा फोम देण्याची तजवीज ठेवावी. प्रशिक्षण देणाऱ्यांनी उडी शिकविण्याच्या आधी हा धडा द्यावा, आणि नवशिक्यांच्या शर्यतीत तांत्रिक तपासणीच्या वेळी स्वारालाच फिल्टर उघडून दाखवावयास सांगावे. आणि मुलाच्या हट्टाखातर लाखो रुपयांची गाडी घेऊन देणाऱ्या आईबापांनी गाडीच्या सोबतच परात, हातमोजे आणि तेलाची बाटली त्याच्या स्वाधीन करून, हे काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतल्यास गाडी जाग्यावर राहील, असा घरचा कायदा करावा. पावसाळा सरून वाटा वाळू लागण्याच्या आत प्रत्येक क्लबाने एक रविवार ह्या शिक्षणासाठी राखून ठेवला, तर येत्या हंगामात कित्येक इंजिने वाचतील, आणि आज जे केवळ गाडी चालविणारे आहेत त्यांच्यातून गाडी जाणणारे स्वार निर्माण होतील.