कापूस आणि तारा

वसुबारसेची रात्र. धामणगाव बढ्याच्या घरी आम्ही गच्चीवर बसलो होतो. अंधारातही आईचे हात वाती वळतच होते. बारावीच्या निकालापासून माझ्याशी तुटक बोलणारा मुलगा जरा दूर बसला होता. अकरा वाजून गेले, तसा पूर्वेला मृग वर आला.

“बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ तो पुसट डाग आहे ना, तिथे तारे जन्मतात,” मी म्हटले. “सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर.”

“जन्मते कसा तारा?” आईने विचारले.

“तुझ्या मांडीवरच्या कापसासारखा विरळ वायू पसरलेला असतो, बहुतेक हायड्रोजनच. तो स्वतःच्याच ओढीने आत गोळा होतो आणि तापत जातो. गाभ्यात एक कोटी अंशांच्या घरात उष्णता गेली, की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तारा पेटला! मग आतला रेटा आणि वरचा भार यांचा तोल साधतो. आपला सूर्य त्याच तोलावर ४६० कोटी वर्षे तेवतो आहे.”

“अन् पेटाले किती दिवस लागले त्याले?”

“पाचेक कोटी वर्षे.”

“अन् पोराले तू सहा महिन्यांत पेटवाले निघाला!”

वाचकहो, माझ्या व्याख्यानाचा असा निकाल वर्गातही कधी लागला नव्हता. मी गप्प बसलो. तेवढ्यात मुलगा जवळ सरकला.

“बाबा, तो डाग नेमका कुठे?”